सागरनं त्या दिवशी काही घेतलं नव्हतं

फोन आला तेव्हा मी एका शाळेच्या पायऱ्या उतरत होतो. एका हातात शाल, दुसऱ्या हातात नारळ. फोन खिशात वाजत राहिला आणि तो काढायला हात मोकळा नव्हता, म्हणून मुख्याध्यापकांनी नारळ धरला. पलीकडे इमरान होता. "चचा, सागर नै रहा," एवढंच तो म्हणाला. मी म्हणालो, "अरे, पण उतरेल म्हणाले होते ना!" त्याच्या मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी स्ट्रेचरला वाट मागत होतं… मग फोन बंद झाला.

त्याच शाळेच्या सभागृहात, थोड्या वेळापूर्वी, मी माईकवर सांगितलं होतं की आमचा एक मुलगा, जो सुटला असं आम्ही धरून चाललो होतो, तो आज पुन्हा घसरला. आत्ता दवाखान्यात पडला आहे. मुलांनो, हे विष असं असतं. सभागृह एकदम गप्प झालं होतं, आणि भाषण लागू पडलं याचं समाधान मला वाटलं होतं. हे पहिल्यांदा सांगून टाकतो, कारण पुढं लिहिता लिहिता माझी लेखणी ते गाळेल अशी मला भीती आहे. त्या सभागृहातल्या मुलांसाठी, नंतर आमच्या शोकसभेत मला ऐकलेल्या लोकांसाठी, आणि "नशेखोरांच्या भांडणात तरुण ठार" अशी बातमी वाचलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. सागर त्या दिवशी नशेत नव्हता. त्यानं काहीही घेतलेलं नव्हतं. घेतलं होतं हे मी सांगितलं, आणि मी सांगितलं म्हणून ते खरं धरलं गेलं.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बहुतेक काळ बसस्थानकावर माईकसमोर गेला. कन्नडकडे जाणारी, पैठणकडे जाणारी, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, ते सांगायचं. माझा आवाज बरा आहे असं लोक म्हणायचे, आणि निवृत्तीनंतर माणसाला आपल्यातलं जे बरं आहे ते वापरायची हौस असतेच. पुंडलिकनगरात आम्ही चार-पाच निवृत्तांनी व्यसनमुक्तीचं मंडळ काढलं. तेव्हा आमच्या भागात बटन नुकतंच मुरायला लागलं होतं. बटन म्हणजे झोपेच्या, फिटच्या गोळ्या. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशा, पण मिळायच्या. दारूसारखा वास नाही, आईबापाला पत्ता नाही. पोरं दोन-चार एकदम गिळायची आणि त्यांच्यातली भीती निघून जायची. भीती गेलेलं पोरगं काय करतं, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं एखाद्या सणाच्या दिवशी कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जाऊन बसावं. पाठीवर चाकूचा वार आणि पोरगं हसतंय. बोट लोंबतंय आणि ते फोनवर शिव्या देतंय.

सागर मला पहिल्यांदा दिसला तो असाच. मैदानामागच्या भिंतीवर बसला होता, हातावर ब्लेडचे ताजे चिरे, पॅन्ट रक्तानं भिजलेली. मी ओरडलो तर म्हणाला, "दुखत नाय काका. तुमी कशाला रडता?" मी रडत नव्हतो, पण आवाज तसा झाला असेल. तिथंच कोपऱ्यावर इमरानचं रिक्षाच्या सीट शिवायचं दुकान आहे. त्यानं एक रिक्षा थांबवली आणि आम्ही दोघांनी सागरला उचलून नेलं. अपघात विभागात तेव्हा आणखी तिघं-चौघं त्याच वयाचे होते, आणि प्रत्येकाबरोबर आलेला मित्र एकच वाक्य म्हणत होता, "गाडीवरून पडला." मार लागला म्हटलं की पोलीस येतात, म्हणून सगळे गाडीवरूनच पडतात. तिथं एक वयस्क सिस्टर होत्या, त्या टाके घालायचा ट्रे आणत म्हणाल्या, "काय रे, ह्या शहरातले सगळे रस्ते तुमच्यासाठीच घसरडे झालेत का?" आणि सागर, गुंगीत असूनही, म्हणाला, "रस्ता नाय सिस्टर, माझं डोकंच घसरलंय." सिस्टर हसल्या. मीही हसलो. त्या पोराशी माझी ओळख अशी हसण्यातून झाली.

त्याची आई लताबाई विद्यार्थ्यांच्या एका मेसमध्ये स्वयंपाक करते. नवरा लवकर गेला. पिशोरहून ती पोराला आयटीआय शिकवायला शहरात घेऊन आली, आणि पोरगं आयटीआयच्या ऐवजी भिंतीवर बसायला शिकलं. मी सभांमधून नेहमी सांगत आलो की सागरला मी सोडवलं. मी त्याला गावी नेलं, मी त्याच्या उशाशी बसलो. हे बरोबर नाही. त्याला पिशोरला त्याची आई घेऊन गेली, मेसचं काम सोडून. मामाच्या अद्रकीच्या शेतातल्या खोलीत तो पडून होता. बटन एकदम बंद केल्यानं त्याला झटके आले, तेव्हा मामानं त्याला कुशीवर धरून ठेवलं आणि तिथल्या डॉक्टरला घरी बोलावलं. मी काय केलं? मी त्या दोघांना बसस्थानकावर गाठलं, खिडकीची जागा मिळवून दिली आणि कंडक्टरला सांगितलं की आजारी माणूस आहे, जरा बघा. एवढंच. पण माईकवर आल्यावर ते "मी त्याला गावी नेलं" असं झालं, आणि एकदा झालं की मग तसंच राहिलं. सागरनं मला कधी दुरुस्त केलं नाही. एकदा रिक्षात हसत म्हणाला होता, "काका, पिशोरची गाडी तुमीच चालवली असं तेवढं सांगायचं राह्यलं बघा."

परत आल्यावर तो रिक्षा चालवायला लागला. आणि त्याच्या रिक्षाला हळूहळू वेगळंच काम लागलं. कुठं कुणी पोरगं कापलं गेलं, फुटलं, की लोक सागरला फोन करायचे. दुसरे रिक्षावाले रक्ताची सवारी घेत नाहीत, सीट खराब होते आणि वर पोलिसांच्या चकरा. सागर घ्यायचा. इमरान त्याला दर दोन-तीन महिन्यांनी सीट बदलून द्यायचा आणि शिव्या घालायचा, "अबे, ये रिक्षा है या अँब्युलन्स? कपडा तो नीला लगाया था, तूने लाल कर डाला." सागर म्हणायचा, "भाई, लालच लाव ना मग. दिसणार नाय." एकदोनदा मी त्याच्याबरोबर गेलो. तो रिक्षा चालवत चालवत मागे पडलेल्या पोराशी बोलत राहायचा. नाव काय, किती खाल्ल्या, कधी खाल्ल्या, वरून दारू घेतली का. दवाखान्यात पोचल्यावर आधी डॉक्टरला ते सांगायचा. सगळे लपवतात ते हा सांगायचा. मी विचारलं, तर म्हणाला, "काका, हितं काय खाल्लं ते लपवायचं नाय. डॉक्टरला ठाव नसलं तर ते आंधळ्यावानी औषध देतेत. माझ्या येळेला कुणी सांगितलं नव्हतं, मी मरता मरता वाचलो." हे मी फार चांगलं लक्षात ठेवलं. मला आता वाटतं, मी सागरचं तेवढंच एक वाक्य लक्षात ठेवलं.

कारण दुसरीही वाक्यं होती. आमच्या कार्यक्रमांत सागरला मी शेजारी उभा करायचो. "हा आमचा सागर. हा बटन खायचा." असं मी सुरू करायचो, आणि मग म्हणायचो, "बाही वर कर." तो बाही वर करून हातावरचे चिरे दाखवायचा. पोरं माना उंचावून बघायची. शाळा, कॉलेज, गणेश मंडळं, आसपासची गावं… एकदा पैठणला जाताना त्यानं विचारलं, "काका, आज जरा वेगळं सांगता का? मी रिक्षा चालवतो ते सांगा. पेशंट आणतो ते सांगा." मी म्हणालो, "ते सांगूच की. पण आधीचं सांगितल्याशिवाय नंतरचं पटणार कसं?" त्यावर तो माझा माईकवरचा आवाज काढून म्हणाला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं… सागर नावाची गाडी अजून सुटलेली नाय." गाडीतले सगळे हसले. हसू ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "दोन वर्षं झाली काका मला सुटून. अजून किती वर्षं सोडवणार तुमी मला?" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप म्हणजे उत्तर, असं मला तेव्हा वाटलं.

त्या दिवशी दुपारी इमरानचा फोन आला. "चचा, सागर को मारे. हाथ फटा है. बात कर रहा है, टेन्शन नक्को लो." टपरीपाशी दोन पोरं भांडत होती, दोघंही बटनवर. एकाच्या हातात ब्लेड, दुसऱ्याच्या हातात फुटपाथचा ब्लॉक. सागर रिक्षा उभी करून मध्ये पडला. ब्लेड त्याच्या हाताला लागलं आणि ब्लॉक कानाच्या वर. हाताचं रक्त सगळ्यांना दिसलं. डोक्याचं कुणाला दिसलं नाही, कारण तिथं रक्त नव्हतंच, केसांखाली नुसता उंचवटा होता. ज्या दवाखान्यात आम्ही गेलो त्याचं नाव मी लिहीत नाही. चूक त्यांची नव्हती आणि नावानं ती त्यांची वाटेल.

मी पोचलो तेव्हा सागर बाकावर बसला होता, हाताला गमछा गुंडाळलेला. मला बघून म्हणाला, "आज मी पेशंट झालो काका. शाल-नारळ आणलं नाय का?" डोकं घुमतंय असंही म्हणाला. आम्ही नंबरची वाट बघत बसलो. हळूहळू त्याची जीभ जड व्हायला लागली. डोळे मिटायला लागले, मान माझ्या खांद्यावर आली. हे सगळं मी पूर्वी पाहिलेलं होतं. त्याच भिंतीवर, त्याच पोराचं. खरं सांगायचं तर मला राग आला. दुसऱ्या कुठल्या दिवशी नाही, नेमकं आजच? संध्याकाळी माझा कार्यक्रम होता, आणि त्यात सागर असणार होता.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, सकाळपासून उभी असावी. तिनं डोकं चाचपलं. इमरान म्हणाला, "मॅडम, सर में भी लगा है." ती म्हणाली, "हो, स्कॅन करून घेऊ. रांग आहे, पण मी याला पुढं घालते." मग तिनं सागरला नाव विचारलं आणि तो बोबडं काहीतरी बोलला. तिनं हातावरचे जुने चिरे पाहिले आणि माझ्याकडे वळली, "यानं काही घेतलंय का?"

मी म्हणालो, "डॉक्टर, हा आमचा सागर. हा बटन खायचा."

वाक्य तयारच होतं. मी विचार करून ते बोललो नाही, ते तोंडातून आलं, जसं पन्नास ठिकाणी आलं होतं. ती म्हणाली, "आज घेतलंय का, ते विचारते मी." मी म्हणालो, "घेतलंय. मी ओळखतो. असली कितीतरी मुलं पाहिलीत मी." सागरनं डोळे उघडले. "नाय… काका… नाय घेतलं," तो म्हणाला, चार शब्दांना त्याला फार वेळ लागला. मी त्याच्या गालावर थोपटलं आणि म्हणालो, "लाज वाटून घेऊ नको सागर. इथं लपवायचं नाही, तूच सांगतोस ना?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याबद्दल मला लिहिता येत नाही. मग त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

डॉक्टर म्हणाली, "मग आधी उतरू द्या. स्कॅन नंतर बघू." हाताला टाके पडले, सलाईन लागलं. स्कॅनच्या रांगेत त्याच्या जागी दुसरं कुणी गेलं. इमरान म्हणत होता, "चचा, मैं सुबे से देख रहा हूँ, वो ठीक था, एकदम ठीक." मी म्हणालो, "इमरान, तुला कळत नाही यातलं." आणि कार्यक्रम आटोपून येतो सांगून निघालो.

नंतर काय झालं ते इमरान आणि डॉक्टरकडून कळलं. सागरला उलटी झाली, आणि इमरान त्याचं तोंड पुसत असताना त्याला दिसलं की एका डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे. त्यानं आरडाओरडा केला. मग धावपळ झाली, स्कॅन झालं. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. ऑपरेशनची तयारी होईपर्यंत तो गेला. मी पोचलो तेव्हा ती डॉक्टर मुलगी व्हरांड्यात भेटली. म्हणाली, "आजोबा, लघवीची तपासणी केली आम्ही. काहीच नाही त्यात. ती गुंगी डोक्यातल्या रक्ताची होती." मी विचारलं, लवकर स्कॅन झालं असतं तर? ती म्हणाली, "वाचला असता असं नाही सांगू शकत… पण संधी होती." मग म्हणाली, "विचारायला मी तुम्हाला नको होतं. विचारलं तरी थांबायला नको होतं." ती तिची चूक स्वतःकडे घेत होती. मी माझी माझ्याकडे घेतली नाही.

म्हणजे त्याच संध्याकाळी मला सगळं ठाऊक झालं होतं. त्यानंतर मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. त्यात मी बोललो. सागरचं नाव घेऊन बोललो, आणि व्यसन कसं माणसाला पुन्हा गाठतं ते सांगितलं. लताबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि माझ्या एकेका वाक्याला मान हलवत होत्या. त्यांची मान हलताना दिसत होती आणि तरी मी थांबलो नाही. माईकवर असताना मी मध्ये कधी थांबलेलो नाही, नोकरीतही नाही. सभा संपल्यावर इमराननं मला बाहेर गाठलं. "चचा, तुमको मालूम है ना? डॉक्टरनीने बोला ना तुमको?" मी काहीतरी पुटपुटलो, लताबाईंना उगाच आणखी त्रास कशाला, गेलेला पोरगा परत येणार आहे का. तो म्हणाला, "मैं नै बोलता सागर की अम्मी को. तुमने बोला था, तुमीच जाके बोलो." त्या दिवसापासून तो मला सलाम करेनासा झाला. त्याच्या दुकानावरून जायचं मी टाळू लागलो, लांबच्या रस्त्यानं भाजी आणू लागलो.

मग एका दुपारी लताबाईच माझ्या घरी आल्या. मेसमधून सरळ आल्या असाव्यात, हाताला कांद्याचा वास होता. पाणी घेतलं नाही. म्हणाल्या, "काका, तुमी तितं व्हता. एक खरं सांगा. माझं पोरगं माझ्यामुळं मेलं का?" मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. पैठणच्या एका मुलीचं स्थळ आलं होतं. मुलगी बघून झाली होती, दोन्हीकडून पसंती होती. पण मुलीच्या मामानं आमचा पैठणचा कार्यक्रम ऐकला होता, सागरला बाही वर करताना पाहिलं होतं. त्या सकाळी नकार आला. "मी लई बोलले त्याला. म्हनलं, कशाला उभा राह्यतो त्या म्हाताऱ्यापाशी? जगाला हात दाखवत फिरतो, आता कोन पोरगी देईल तुला? तो काय बी बोलला नाय. डबा घेतला आन गेला. आन दुपारी तुमी म्हनता त्यानं परत खाल्लं. मी बोलले म्हनूनच खाल्लं आसंल ना?"

इतके दिवस ती हे घेऊन भाकऱ्या थापत होती. आणि तिच्या डोक्यावर ते ठेवून मी लांबच्या रस्त्यानं भाजी आणत होतो.

मी म्हणालो, "लताबाई, त्यानं खाल्लं नव्हतं." मग सगळं सांगितलं. डॉक्टरनं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, तो नाही म्हणाला आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, रांगेतली त्याची जागा कशी गेली. सांगताना माझा आवाज नेहमीसारखा नव्हता, शब्द मागेपुढे होत होते. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "तो नाय म्हनला?" मी म्हणालो, "हो. दोनदा म्हणाला." त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही. मग म्हणाल्या, "त्यानं तुमच्याबद्दल घरात एक वाईट शबूद काढला नाय कवा. तुमी मात्र त्याचं गावभर सांगत राह्यला." मग त्या उठल्या. "चला माझ्यासंगं," त्या म्हणाल्या.

त्यांची एक खोली आहे, पत्र्याची. आम्ही पोचलो तेव्हा दार उघडून त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि वरच्या फळीकडे बोट केलं. तिथं स्टीलचा एक डबा होता, दोन खणांचा, कडी लावलेला. "रिक्षात सापडला. पोलिसांनी रिक्षा सोडली तवा इमरान घेऊन आला. म्या हातात धरला नाय, त्यालाच वर ठेवाय लावला. हातात घेतला तर वजनानंच कळंल ना, जेवला का नाय ते. जड लागला तर म्या काय करू? माझ्यावर रागावून उपाशी गेला आसंल तर?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी काढा. तुमच्या हातानं काढा आन सांगा."

मी स्टुलावर चढलो. माझ्या वयाच्या माणसानं चढू नये, पण त्या धरायला आल्या नाहीत आणि मीही थांबलो नाही. डब्याला दोन्ही हात लावले. धूळ होती. उचलला… आणि काही वेळ तसाच उभा राहिलो, कारण मला खात्री करून घ्यायची होती. या वेळी मला न बघता काही सांगायचं नव्हतं. स्टुलावरून उतरलो, डबा जमिनीवर ठेवला, कडी उघडली. वरचा खण रिकामा. खालचा खण रिकामा, कडेला ठेच्याचा वाळलेला लाल पट्टा, आणि त्यातून बोट फिरवल्याची स्वच्छ रेघ.

"जेवला होता," मी म्हणालो. "सगळं संपवलं होतं."

लताबाई खाली बसल्या. खण हातात घेऊन त्यांनी त्या रेघेवर स्वतःचं बोट ठेवलं, पुसलं जाणार नाही अशा बेतानं. मग मला म्हणाल्या, "आता जा तुमी. आन जे मला सांगितलं ते बाहेर बी सांगा." मी पोलिसांकडे जाऊन माझं म्हणणं दिलं आहे. त्या शाळेत जाऊन आलो आहे. मुलं गप्प बसून होती, पण या वेळी मला त्याचं समाधान वाटलं नाही. राहिलं होतं ते हे लिहिणं.

लताबाईंनी मला पुन्हा बोलावलेलं नाही, आणि बोलवावं असं माझ्याजवळ काही नाही. इमरान पुन्हा कामापुरतं बोलायला लागलाय; तो सांगत होता, त्या आता मेसला जाताना भाकरी फडक्यात बांधून नेतात. डबा फळीवरून खाली आला आहे, चुलीजवळ असतो. अजून घासलेला नाही.